पाय लहान, बाई मोठी

भगिनींनो, आमच्या गोरेगावकडची थंडी ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना ती वेगळी सांगायला नको. धानाची कापणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या की पहाटे धुऱ्यावरचे दव पायाला अक्षरशः चावते. विदर्भातील थंड गावांच्या यादीत गोंदियाचे नाव दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतेच. मी अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी खोली झाडायची, फरशी पुसायची, पाणी भरायचे. टाचांच्या भेगांतून रक्त येते ते याच दिवसांत. स्वेटर, शाल, कानाला स्कार्फ सारे बाजारात मिळते. माझ्या पायाचा बंद जोडा मात्र मिळत नाही.

माझे पाऊल साडेवीस सेंटिमीटर आणि वय 46. लेकीचे लग्न झाले, नातू झाला. तरी चपलेच्या दुकानात माझी गणती लेकरांत होते. बायकांच्या जोड्यांची फळी बहुधा 4 नंबरपासून सुरू होते, कुठे 3 पासून. मला लागतो 1 नंबर. दुकानदार पायाकडे पाहून म्हणतो, "बाई, पोरांच्या मालात पाहा." तिथे गुलाबी रंग, त्यावर बाहुलीचे चित्र, टाचेत लुकलुकणारे दिवे! एका दुकानातल्या पोराने तर चार गिऱ्हाइकांसमोर विचारले, "मावशी, शाळेत नाव घातलं काय?" सारे हसले. मी म्हटले, "नाव कशाला घालू बाबा? पंचवीस लेकरं मीच सांभाळते." मग तो गप्प झाला. पण जोडा काही मिळाला नाही.

हे नंबर आले कुठून? आपल्याकडे चालतात ते इंग्रजांचे नंबर. त्यांचे मूळ माप जवाच्या दाण्याचे. तीन दाण्यांचा एक इंच, म्हणजे एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर. मुलांचे नंबर 13 पर्यंत जातात आणि तिथून पुन्हा 1, 2, 3 असे मोठ्यांचे सुरू होतात. म्हणजे माझा 1 नंबर हिशोबाने मोठ्या माणसाचाच आहे. पण कारखानदार त्या नंबरात बाईसाठी जोडा क्वचितच काढतो. लेकराचा जोडा वर्षभरात तोकडा होणार हे गृहीत धरून बनवलेला असतो. माझा पाय आता वाढणार नाही, आणि माझ्या मिळकतीत एका जोड्याने तीन हिवाळे काढले पाहिजेत. शिवाय पाऊल लांबीला लहान असले तरी रुंदीला ते कष्टकरी बाईचेच असते.

गंमत अशी की बाईच्या लहान पावलांचे कौतुक जगभर झाले. चीनमध्ये तर शेकडो वर्षे मुलींची पावले कापडाने करकचून बांधून, हाडे मोडून लहान केली जात. 1912 साली तिथल्या नव्या प्रजासत्ताकाने या प्रथेवर बंदी घातली. आपल्याकडेही सून पाहायला आलेले लोक "पावलं किती नाजूक" म्हणत. त्या नाजूक पावलांना चिखलात, दवात, थंड फरशीवर दिवसभर राबावे लागते, याचा विचार कौतुक करणाऱ्यांनी केला नाही.

आपल्या समाजाला तर जोड्याचे मोल वेगळे सांगायला नको. कित्येक गावांत आपल्या पूर्वजांना वरच्या आळीतून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागे. बाबासाहेबांचा सूट आणि चकचकीत बूट घातलेला फोटो आपल्या घराघरात आहे. पायात नीट जोडा असणे ही आपल्याकडे चैन कधीच नव्हती, ती माणूसपणाची खूण होती. म्हणून "चालवून घ्या, कापूस कोंबा" हे उत्तर मला पटत नाही. ढिला जोडा घसरतो, पाय मुरगळतो. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेल्या बाईला तर ढिल्या जोड्याने झालेला फोड कळतही नाही, आणि त्याची मोठी जखम होते.

एक बरी बातमी आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेतली. भारतीयांची पावले युरोपियनांपेक्षा रुंद असतात, असे त्यातून दिसले. त्यावरून आपल्या देशाची वेगळी मापपद्धत सुचविली गेली, तिला 'भा' असे नाव दिले. इतकी वर्षे आपण परक्यांच्या मापात पाय कोंबत होतो, हे आता शास्त्रानेही मान्य केले.

तोवर ज्यांचे पाय माझ्यासारखे आहेत त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा माप घ्या. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ ओढा आणि मोठे पाऊल धरा. तो कागद पर्समध्ये ठेवा. घरचे कोणी नागपूरला गेले तर त्यांनाही देता येतो. काळे शाळेचे बूट आणि कॅनव्हासचे बूट 1 आणि 2 नंबरात साधे, बिनचित्राचे मिळतात. पण ते शाळा उघडताना, जूनमध्येच घेऊन ठेवा, हिवाळ्यात मोजकेच उरतात. जोडा घालून पाहताना जाड मोजे घाला, बोटांपुढे अर्धा-पाऊण सेंटिमीटर जागा ठेवा. मोजे तिबेटी भगिनींकडून घ्या. आपल्याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत आहे, आणि हिवाळ्यात त्यांची लोकरीची दुकाने लागतात. चार पैसे जास्त जमले तर कारागिराकडून मापाचा जोडा शिवून घ्या. त्याचा तळ पुन्हा बदलता येतो, म्हणून तो शेवटी स्वस्त पडतो.

आणि एक करा. दुकानात गेलात की लाजू नका. "बाईचा जोडा, 1 नंबर" असे मोठ्याने मागा. नसेल तर "मागवून ठेवा" म्हणून सांगा. दहा जणींनी मागितला तर अकरावीसाठी दुकानदार तो फळीवर ठेवील.