रविवारचं भांडण

दर रविवारी फोनवर बाबांचं आणि अमेरिकेतल्या धाकट्याचं ट्रम्पवरून वाजायचं. बाबा ट्रम्पच्या बाजूचे! ते गेले आणि रविवार सुने झाले.

सर्वपित्रीला, २१ सप्टेंबर २०२५ ला, तो तर्पणासाठी काशीला येणार होता. १९ तारखेला ट्रम्प यांनी नव्या एच-१बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं. कंपनीनं बजावलं, देश सोडू नका. जुन्या व्हिसाला हे लागू नाही, असा खुलासा होईपर्यंत त्याचं विमान सुटलं होतं.

अहिल्याबाई घाटावर गुरुजींनी विचारलं, "मुलगा कुठंय?"

"मुलगी आहे ना! हा घाटही बाईनंच बांधलाय," आई म्हणाली.

मी ओंजळीत तीळ-पाणी घेतलं. आईनं फोन समोर धरला. तिकडे शनिवारची रात्र होती. "ताई, तुमच्याकडे रविवार उजाडला ना? आज बाबांशी जाम भांडलो असतो गं."