जामीन कोण?

मंडळी, जपानात राहून आपण काय काय शिकतो? कमरेत वाकून नमस्कार करायला, कचरा वारानुसार वेगळा ठेवायला, आणि छापील किमतीपुढे एक शब्द न बोलता पैसे मोजायला! तुळशीबागेत पाच रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारी मी इथे इतकी गुणी झाले होते, की माझी मलाच ओळख पटेना.

मार्च 2019 मध्ये सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या. आमचं घर हिगाशी-कसाईत. पत्ता ऐकूनच त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणी दचकल्या होत्या! कसाई स्टेशन घरापासून चालत वीस मिनिटं. तिथून एक स्टेशन पुढे निशी-कसाई, म्हणजे आपली डाळ-पिठाची दुकानं आणि चार आपली माणसं. आईंचे गुडघे दुखरे. दुसऱ्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "मी घरीच बरी गं." मग मात्र आम्ही गाडी घ्यायचं ठरवलं.

टोकियोत आधी गाडीची जागा, मग गाडी. घरापासून दोन किलोमीटरच्या आत पार्किंग आहे असा पोलिसांचा दाखला लागतो. तो मार्गी लावून आम्ही शोरूममध्ये गेलो. चहा आला, हसतमुख विक्रेता आला, कागद आले. वीस लाख येनचं कर्ज, पाच वर्षं, दर 6 टक्के. ह्यांनी पेन उघडलं.

"फ्लॅट की रिड्यूसिंग?" आईंनी विचारलं.

आई सहकारी बँकेत तीस वर्षं कारकून होत्या, हे आम्ही विसरलोच होतो. कागदावर 'जिश्शित्सु नेनरित्सु' लिहिलं होतं, म्हणजे खरा वार्षिक दर, उरलेल्या मुदलावरचा. आईंचं समाधान झालं, पण अर्धंच. "इथे बचत खात्यावर व्याज किती देतात?" मी म्हटलं, "0.001 टक्के. लाख येन ठेवले तर वर्षाला एक येन." त्या हसल्या. "घेताना एक येन देतात आणि देताना सहा हजार मागतात? गावाचं नाव अगदी बरोबर ठेवलंय! दुसरीकडे विचारलंत का?"

आम्ही विचारलं नव्हतं. लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी एका बँकेत गेलो. ह्यांचं निवासकार्ड पाहून काउंटरवरची मुलगी खूप वाकली, आणि खूप वाकली की उत्तर 'नाही' असतं हे आपल्याला माहीतच आहे. 'एइज्यू', म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, हवा होता. ह्यांचा अर्ज अजून विचाराधीन होता. बारा वर्षं कर भरलेला माणूस गप्प बसून राहिला. परवाना घरात एकाचकडे होता: माझ्याकडे. उच्च कौशल्याच्या व्हिसावर 80 गुण भरले तर वर्षभरात तो मागता येतो, हा नियम 2017 साली आला आणि मला तो लाभला होता.

माझा पगार जमा होतो त्या बँकेत मी प्राथमिक तपासणीसाठी अर्ज केला. पगाराचं खातं असल्याची सूट धरून दर आला 3 टक्के. रात्री आईंनी वहीवर हिशेब मांडला. 6 टक्क्यांनी व्याज सुमारे 3 लाख 20 हजार येन, 3 टक्क्यांनी 1 लाख 56 हजार. फरक 1 लाख 64 हजारांचा!

पण कर्ज माझ्या नावावर, म्हणजे गाडीही माझ्या नावावर. हे काही बोलले नाहीत. मीच म्हटलं, "आई, राहू दे. ह्यांच्याच नावावर घेऊ, दोन पैसे जास्त गेले तर गेले."

"जामीन कोण लागतो?" आईंनी विचारलं.

"कुणी नाही. हमी देणारी कंपनी असते."

आई थोडा वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बँकेत बायका नवऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही करायच्या, मी पानं उलटून द्यायचे. घराच्या कर्जाला मीही केली. मालक म्हणून सही करायची वेळ कधी आलीच नाही. तू कर."

ह्यांनीच मग मला हांको करून आणून दिला, माझ्या नावाचा. वॉर्ड ऑफिसात त्याची नोंदणी केली. मे महिन्यात गाडी आली. शोरूमचं कर्ज घेतलं असतं तर नोंदणीपत्रावर मालक म्हणून बहुधा वित्त कंपनी आली असती, आम्ही नुसते वापरणारे. तिथे माझं नाव होतं. आईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, जपानी येत नसताना!

2024 च्या मे महिन्यात शेवटचा हप्ता गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये बँक ऑफ जपानने उणे व्याजदर संपवला होता आणि नंतर दर वाढतच गेले. फोनवर आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग पुढच्या गाडीच्या वेळी तीन ठिकाणी विचार."

तर मंडळी, छापील किमतीपुढे जरूर वाकावं. पण सही करण्याआधी ताठ उभं राहून एकदा विचारावं: दर किती, दुसरीकडे किती, आणि मालक कोण?