पांढऱ्या धुळीतला काळा माग

भिलाईच्या पॉवर हाऊस चौकातून नंदिनी रोड निघतो. सुरुवातीला दुकाने आणि कारखाने, मग जामुलचा सिमेंट कारखाना आणि पुढे छत्तीसगडची सपाट भातशेती. नंदिनी नगर जवळ येऊ लागले की रस्त्याकडेच्या झाडांची पाने फिकट दिसू लागतात. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर इथे पानांवर, कौलांवर आणि उभ्या गाड्यांवर पांढुरकी धूळ बसलेली असते. ही धूळ चुनखडकाची.

हे गाव वसले ते खाणीमुळे. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरातून येऊ लागले आणि चुनखडक नंदिनीतून. भट्टीत हा चुना खनिजातल्या वाळू-मातीशी संयोग पावून तिची मळी करतो आणि लोखंड शुद्ध होते. खाणीचा खोदून संपलेला मोठा भाग ओसाड पडला होता. तिथे २०२१ पासून वन विभागाने झाडे लावून जंगल उभे करायला घेतले आहे.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. पुढे पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातली कितीतरी घरे इकडे आली आणि इथलीच झाली. सणासुदीला, लग्नकार्याला नागपूरची वाट धरावी लागतेच. दुर्ग, राजनांदगाव, बागनदी, देवरी, साकोली, भंडारा असा हा सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता. अशा घरांची पहिली मोटार बहुधा जुनीच असायची. कुणाची पद्मिनी, कुणाची अॅम्बेसेडर, तर कुणाची मारुती ८००. या तिन्ही गाड्यांचे उत्पादन आता बंद झाले असले, तरी जपून वापरलेली मारुती अजूनही एखाद्या अंगणात दिसते.

सकाळी गाडी हलवली आणि खाली फरशीवर काळा डाग दिसला, की घरात चिंता सुरू होते. ती खोटी नसते. बागनदी ते देवरी हा भाग जंगलाचा. तिथे रात्री तेल संपून इंजिन जाम झाले, तर मुलाबाळांसह रस्त्यावर बसण्याची वेळ येते. तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर तेल ठिबकत असेल, तर धूर आणि आगीचाही धोका. दुसरी भीती खिशाची. गळती नेमकी कुठली हे न पाहताच ‘इंजिन उतरवावे लागेल’ असे सांगणारा मिस्त्री भेटला, तर महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते.

डाग खाली, दोष वर

तेलाची वाट समजली की अर्धे काम होते. वरून गळणारे तेल इंजिनच्या अंगावरून खाली ओघळते, आणि गाडी धावताना वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे ठिबकण्याची जागा आणि गळण्याची जागा क्वचितच एक असते. डाग खाली मागच्या बाजूला दिसला, तर शोध वर आणि पुढे घ्यायचा. सर्वांत उंच ओली जागा सापडली, की तिच्या आसपासच दोष असतो.

कार्बुरेटरवाल्या मारुती ८००चे उदाहरण बोलके आहे. तिचा डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. त्याच्या बुडाशी असलेले रबरी कडे वयाने कडक झाले, की तेल झिरपून खाली इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर उतरते. पाहणाऱ्याला वाटते, क्रँकचे मागचे ऑइल सील गेले. ते बदलायचे तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. रबरी कडे मात्र थोडक्या वेळात बदलता येते. तीच गोष्ट टॅपेट कव्हरच्या पॅकिंगची. अॅम्बेसेडरची तऱ्हा निराळी. तिच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नव्हते. चक्राकार खाचा तेलाला आत परतवत. तिथून चार थेंब पडले, तर तो बिघाड मानत नसत.

पावडरची साक्ष

माग काढण्याची रीत सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर डिस्ट्रिब्युटर आणि वायरी प्लॅस्टिकने झाकाव्यात. डिझेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने जुने चिकट थर काढून इंजिन पुसून कोरडे करावे. मग संशयित जागांवर घरातली टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरावी. पट्ट्यावर आणि एअर फिल्टरजवळ मात्र नाही. पंधरा-वीस किलोमीटर फिरून यावे, इंजिन बंद करून बॅटरीच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या थरावर तेलाची काळी रेघ उमटलेली असते. ती जिथून सुरू होते ते तिचे मूळ. गाडीखाली पाहायचे, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नये.

नंदिनीच्या रस्त्यांवर हेच काम धूळ आपोआप करते. कोरड्या भागावर ती पांढरी राहते, तेलकट भागावर चिकटून काळी पडते. पण ती मुद्दाम वापरू नये, कारण तिचे खरखरीत कण इंजिनला बाधतात. खाणीच्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. इंजिनचा आतला वाफारा बाहेर नेणारी ब्रीदरची नळी मळाने तुंबली, तर आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडते. एकामागून एक पॅकिंग बदलूनही गळती थांबत नाही, तेव्हा आधी ही नळी आणि एअर फिल्टर साफ करावा. ऑइल बदलल्यानंतर लगेच गळती सुरू झाली असेल, तर ड्रेन नटाचे वॉशर आणि ऑइल फिल्टर पाहावा.

दुरुस्ती होईपर्यंत प्रवास टळत नसेल, तर दर शंभर किलोमीटरला सपाट जागी गाडी थांबवून, काही मिनिटांनी ऑइलची पट्टी पाहावी. बहुतेक छोट्या गाड्यांत पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये सुमारे एक लिटरचे अंतर असते. योग्य जातीच्या ऑइलचा डबा डिकीत असू द्यावा. तेलाचा लाल दिवा चालत्या गाडीत पेटला, तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये. इंजिन तिथेच बंद करावे.

काम झाल्यावर पुन्हा पावडर लावून नंदिनी ते भिलाई एक फेरी मारावी. परतल्यावर थर पांढराच राहिला, तर नागपूरच्या लग्नाला निघायला हरकत नाही.