पहिल्या खुर्चीवरून वर्गात

१९६० साली फिलिप फार्कस यांनी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रातली फर्स्ट हॉर्नची खुर्ची सोडली आणि ते ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेव्हा त्यांचं वय होतं ४६. फ्रिट्झ रायनर यांच्या हाताखाली हा ऑर्केस्ट्रा ऐन बहरात होता. रिचर्ड श्ट्राउस यांच्या ‘झाराथुस्ट्रा’चं त्यांनी १९५४ मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण आजही आदर्श म्हणून ऐकलं जातं. या ऑर्केस्ट्रात फार्कस पहिल्यांदा आले ते १९३६ साली, बाविसाव्या वर्षी. मधली काही वर्षं क्लीव्हलंड आणि बॉस्टनला वाजवून ते पुन्हा शिकागोला परतले होते. अशी जागा ओठ थकल्याशिवाय सहसा कोणी सोडत नाही.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात हॉर्न शिकवते आणि जवळच्या शहरातल्या ऑर्केस्ट्रात वाजवते. त्यामुळे फार्कस यांचा हा निर्णय माझ्या मनात सतत असतो. मंचावर वाजवताना पडलेले प्रश्नच ते वर्गात घेऊन गेले, असं माझं ठाम मत आहे.

हे प्रश्न या वाद्यातच आहेत. फ्रेंच हॉर्नची एफ बाजूची नळी उलगडली तर सुमारे १२ फूट भरते. डबल हॉर्नमध्ये तिच्या जोडीला बी-फ्लॅटची सुमारे ९ फुटांची नळी असते आणि अंगठ्याच्या व्हॉल्व्हने एकीवरून दुसरीवर जाता येतं. एवढ्या लांब नळीतले नैसर्गिक स्वर वर जावं तसे एकमेकांना खेटत जातात. आठव्यापासून सोळाव्या नैसर्गिक स्वरापर्यंत एकही बोट न हलवता पूर्ण सप्तक पार होतं. म्हणजे कुठला स्वर लागणार हे बोटांपेक्षा ओठच ठरवतात. ताण केसभर कमी-जास्त झाला की शेजारचा स्वर लागतो आणि अख्ख्या सभागृहाला तो कळतो.

म्हणून माउथपीसवर ओठ कसे ठेवायचे, दोन तृतीयांश वरचा आणि एक तृतीयांश खालचा का, जबडा किती पुढे आणायचा, यावर आमच्यात आयुष्यभर चर्चा चालते. फार्कस यांचं १९५६ चं ‘द आर्ट ऑफ फ्रेंच हॉर्न प्लेइंग’ आजही विद्यार्थ्यांच्या दप्तरात असतं. वाजवणाऱ्याने खालचा जबडा पुढे आणून हवा सरळ माउथपीसच्या नळीत सोडावी, असं ते आधीच्या लेखनात आग्रहाने मांडत. पुढे त्यांनी ४० नामवंत वादकांच्या ओठांची छायाचित्रं घेतली. दांडीला बसवलेली माउथपीसची नुसती कडा ओठांना लावली की आतली हालचाल उघडी दिसते. छायाचित्रांत दिसलं ते वेगळंच. जवळजवळ सगळ्यांची हवा कमी-अधिक खालच्या दिशेने जात होती. फार्कस यांनी ती छायाचित्रं १९७० मध्ये पुस्तकरूपाने छापली आणि आपलं आधीचं म्हणणं जाहीरपणे मागे घेतलं. शिक्षक म्हणून त्यांच्याबद्दलचा माझा आदर सर्वात जास्त या एका गोष्टीसाठी आहे. (इंडियानात आल्यावरही ते तिथल्या अमेरिकन वुडविंड क्विंटेटमध्ये वाजवत होते, हेही लक्षात ठेवावं.)

आमच्याकडे प्रत्येक प्राध्यापकाचा ‘स्टुडिओ’ असतो, म्हणजे त्याच्याकडे शिकणारा विद्यार्थ्यांचा गट. प्रत्येकाला आठवड्याला एक स्वतंत्र लेसन, शिवाय सगळ्यांनी एकमेकांसमोर वाजवण्याचा स्टुडिओ क्लास आणि हॉर्न क्वायर. दिवसाची सुरुवात खालच्या पट्टीतल्या लांब, संथ स्वरांनी. आपल्याकडे खर्जाचा रियाज करतात, तसंच हे. त्यानंतर कोप्राश यांचे एट्यूड्स आणि ऑडिशनला हमखास विचारले जाणारे तुकडे.

त्यातला एक म्हणजे चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिम्फनीतल्या दुसऱ्या मूव्हमेंटचा सोलो. सरावाच्या खोलीत तो बहुतेकांना येतो. मंचावर त्याआधी पूर्ण पहिली मूव्हमेंट वाजवून झालेली असते. मग खालच्या तंतुवाद्यांचे मंद स्वर सुरू होतात आणि तेवढ्याच अवधीत नळीतलं साचलेलं पाणी आवाज न करता काढायचं असतं, माउथपीस थंड पडू द्यायचा नसतो. श्वासही आधीच भरून धरून ठेवायचा नसतो, कारण मग गळा आवळतो आणि पहिलाच स्वर फुटतो. म्हणून लेसनला मी आधी तंतुवाद्यांचे ते स्वर पियानोवर वाजवते. विद्यार्थिनीने हॉर्न मांडीवर घेऊन बसायचं, पाणी काढायचं, वाट बघायची आणि स्वर लागायच्या अगदी आधीच्या मात्रेवर, लयीतच श्वास घ्यायचा. पहिल्या काही वेळा तिचे खांदे वर चढतात. ते खाली आले की आवाज आपोआप मोकळा होतो. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, त्या खुर्चीवर बसल्यावरच कळलं.

म्हणूनच प्राध्यापकांच्या मैफलींना आणि तालमींना सुट्टी मानणारे प्रशासक मला अजिबात पटत नाहीत. प्रयोगशाळेतल्या तासांना जो मान मिळतो, तोच तालमीच्या तासांना मिळाला पाहिजे. पूर्णवेळ जागा कमी करून तासिका तत्त्वावर शिक्षक नेमण्याची सवय सुटली नाही, तर मंच आणि वर्ग दोन्ही सांभाळणारा माणूस तयारच होणार नाही.

महाराष्ट्रातली काही मुलं-मुली आता पाश्चात्त्य संगीत शिकायला परदेशी जायचं ठरवतात. त्यांना आणि त्यांच्या आई-वडिलांना माझं सांगणं आहे: विद्यापीठांची क्रमवारी बाजूला ठेवा आणि थेट त्या प्राध्यापकाला लिहून एक ट्रायल लेसन मागा. बरेच जण आनंदाने देतात. तो संपला की एवढं जरूर विचारा: या हंगामात तुम्ही स्वतः कुठे आणि काय वाजवणार आहात?