उन्हात वाढलेली घरं

सातारा आणि सांगली एकच जिल्हा होता, तेव्हापासूनची आमची घरं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. सोयरिकी मात्र इकडच्या तिकडं होतच राहिल्या आणि उन्हाच्या रीतीही दोन्हीकडं सारख्याच राहिल्या.

तान्ह्या बाळाला तेल लावून आजी कोवळ्या उन्हात पाय पसरून बसायची. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू जायचं. चैत्रात कुरडया, पापड, सांडग्यांची वाळवणं पडायची आणि कावळे हाकायला आम्हा पोरांची नेमणूक व्हायची. सांगलीकडं शिजवलेली हळद खळ्यावर पसरलेली असायची. दुपार चढली की दार लोटलं जायचं. कुणी पायात चपला सरकवल्या, तर आतून हाक यायची, "उन्हाचं कुठं निघालास?"

वडिलांच्या पिढीवर औंधाचा संस्कार होता. आज साताऱ्यात असलेलं औंध आणि सांगलीत असलेली आटपाडी-कुंडल ही गावं एकाच संस्थानात होती. त्या संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तिथल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. १९३८ साली लंडनमध्येही त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं. क्षयावर गुणकारी औषध नव्हतं, त्या काळात लोक पाचगणीच्या हवेवर आणि उन्हावर भिस्त ठेवून तिथं राहायला जात.

पण याच घरांत मुलीला "काळवंडशील" म्हणून सावलीत ठेवलं जायचं. सासुरवाशिणीचा दिवस माजघरात मावळायचा. म्हातारपणी तिची हाडं ठणकू लागली की सगळे त्याला वात म्हणत. त्यातली काही दुखणी उन्हाच्या उपासाची असणार, असं आता वाटतं. साताऱ्यातल्या माण-खटावच्या रानात राबणाऱ्यांच्या वाट्याला उलटं आलं. भाजून निघालेली कातडी आणि डोळ्यांत लवकर उतरलेला मोतीबिंदू आम्ही घरोघरी पाहिला. ऊन त्यांना मापात कधी मिळालंच नाही.

आज नातवंडं फ्लॅटमध्ये वाढतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हानं हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. सकाळचं कोवळं ऊन सुखद खरं, पण त्यातही ते किरण थोडेच असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हा ते पुरेसे मिळतात. सावळ्या कातडीला त्यासाठी जास्त वेळ लागतो. आमच्या पिढीला हे ऊन वाळवणं राखताना, पाणी भरताना आपसूक मिळत होतं.

परदेशी गेलेली मुलं तिथल्या टॅनिंग बेडविषयी सांगतात. कातडी तांबूस करण्यासाठी लोक पैसे मोजून उन्हातल्यासारखेच किरण सोडणाऱ्या त्या यंत्रात निजतात. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ही यंत्रं तंबाखूच्याच गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातली. सावळ्या कातडीला हा धोका कमी असला, तरी ती त्यातून सुटलेली नाही.

म्हणून घरातल्या थोरांना सांगणं आहे. मुलींना रंगाची भीती घालू नका, त्यांना अंगणात येऊ द्या. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ ऊन घ्या आणि कातडी चुरचुरण्याआधी सावलीत या. हाडं दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. आणि आपल्या शेतात भर दुपारी कुणी राबत असेल, तर त्याला पाणी, डोक्याला पटका आणि बसायला सावली द्या.