मिश्रण

फ्रान्समधल्या एका शहराचे नाव आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदारांच्या सदैव तोंडी असते. मोरचूद आणि चुना कालवून केलेल्या निळ्या औषधाला ते ‘बोर्डो’ म्हणतात, आणि बागेवर डावणी आली की देवाच्या खालोखाल त्याचेच स्मरण करतात.

गंमत अशी की, हे औषध मुळी रोगासाठी नव्हतेच! बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडत, ते वाटसरूंनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की, नेमक्या याच वेली रोगातून वाचल्या आहेत. १८८५ मध्ये त्याने हा उपाय जगापुढे मांडला.

त्याच बोर्डोचे दुसरे मिश्रण म्हणजे तिथली पांढरी वाइन. ती बहुधा सोव्हिन्यों आणि सेमियों या दोन जातींची. दिंडोरी तालुक्यातल्या माझ्या मेहुण्याच्या बागेत सेमियोंच्या जागी शेनिन आहे. दोहोंचा रस वेगवेगळा आंबवतात आणि मग मापाने एकत्र करतात. मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, “दाजी, सोव्हिन्यों म्हणजे ठेचा आणि शेनिन म्हणजे भाकरी. एकट्या ठेच्यानं कुणाचं पोट भरलंय?”

या मेहुण्याने ओळींमधून ताग पेरून तो गाडायला सुरुवात केली, तणनाशक बंद केले आणि बोर्डोलाही माप लावले. “तांबं कुजत नाही, दाजी. टाकलं तेवढं मातीत राहतं,” हे त्याचे म्हणणे. सासऱ्यांना ते पटेना. “बाग गेल्यावर नुसती माती घेऊन काय करशील?” असे ते विचारीत. दोघांचेही खरे होते, हीच तर अडचण होती!

२०१९ च्या दिवाळीत अवेळी पाऊस लागून राहिला. गोडी छाटणी झालेली, कोवळे घड नुकते बाहेर पडलेले. अंगणात आकाशकंदील भिजत होता आणि घरात बापलेकांचे बोलणे खुंटले होते. मेहुण्याने फवारणी केली, पण ठरल्या मापापलीकडे गेला नाही. चार ओळींमागे एक ओळ गेली. सासरे एक शब्द बोलले नाहीत. फेब्रुवारीत मात्र पहाटेच्या गारव्यात घड कापायला कात्री घेऊन तेच सर्वांच्या पुढे होते.

त्याच २०१९ सालापासून युरोपातही द्राक्षमळ्यांतल्या तांब्यावर मर्यादा आली: हेक्टरी सात वर्षांत २८ किलो. ज्या गावाने औषध दिले, त्यालाही शेवटी माप लावावे लागले.

त्या वर्षीची वाइन मी घोटभर चाखली. जाणकार तिच्यात पेरूचा वास शोधतात, हिरव्या गवताचा शोधतात. मला त्यातले फारसे कळत नाही. पण ठेचा आणि भाकरी एका ताटात आणायची, तर दोघांनाही आपापले माप सांभाळावे लागते, एवढे कळते. वाइनचे मिश्रण एका हंगामात साधते. घरातल्या दोन पिढ्यांचे साधायला थोडे अधिक दिवस लागतात, आणि मधे एखादी ओळ गमवावीही लागते.