सापेक्ष आणि निरपेक्ष : एका अखेरच्या गाण्याविषयी

विप्रलंभ आणि करुण यांमधील सीमारेषा भरताने एका भेदाने आखली आहे. विप्रलंभ सापेक्ष, करुण निरपेक्ष. पहिल्यात पुनर्भेटीची आशा असते, दुसऱ्यात ती उरत नाही. वर्गात हा भेद मी अनेक वर्षे शिकवीत आलो. त्याचा प्रत्यय मात्र मला एका इंग्रजी रॉक संगीतसमूहाच्या गाण्यात आला.

रेडिओहेडचे ‘ट्रू लव्ह वेट्स’ हे गाणे टॉम यॉर्क यांनी १९९५ साली प्रथम जाहीर कार्यक्रमात गायिले. गिटारच्या साथीतील त्याचे ध्वनिमुद्रण २००१ च्या ‘आय माइट बी राँग’ या अल्बमच्या अखेरीस आहे. विद्यार्थिदशेत मी ऐकले ते हे रूप. प्रिय व्यक्तीने थांबावे म्हणून स्वत्व सोडावयास सिद्ध झालेल्या माणसाची ती विनवणी. विनवणी ऐकली जाईल, असा विश्वास त्या गिटारच्या गतीत होता.

स्टुडिओतील रूप यावयास मे २०१६ उजाडला. ‘अ मून शेप्ड पूल’मधील हे अकरावे, शेवटचे गाणे. गिटार गेली आहे. पियानोचे विरळ स्वर एकमेकांवर पसरतात, पण एका लयीत मिळत नाहीत. शब्द जवळजवळ तेच. ऐकणारे मात्र समोर कोणी नाही. सापेक्षाचे निरपेक्ष झाले, ते केवळ स्वररचनेने. आपल्या मैफलीत भैरवी संकेतानेच शेवटी येते. या अल्बममधील गाणी इंग्रजी वर्णानुक्रमाने आहेत. शेवट वर्णमालेने ठरविला. तरीही तो अटळ वाटतो.

माझी अडचण यापुढची. यॉर्क आणि रेचल ओवेन यांचा २३ वर्षांचा सहवास संपल्याचे २०१५ साली जाहीर झाले. दान्तेच्या अभ्यासक असलेल्या ओवेन यांचे डिसेंबर २०१६ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्या पियानोत मला तो मृत्यू ऐकू येऊ लागला. वस्तुतः गाणे मृत्यूपूर्वीचे. त्याला तो ठाऊक असणे शक्य नव्हते. कर्त्याचे चरित्र संहितेबाहेर ठेवा, असे विद्यार्थ्यांना बजावणारा मीच ते आत घेऊन आलो होतो.

अभिनवगुप्त अशा अवस्थेला रसविघ्न म्हणेल. विशिष्ट व्यक्तीचे, विशिष्ट काळातील दुःख समोर आले की साधारणीकरण अडते. हे मला मान्य आहे. वियोगाची निरपेक्षता स्वरांत आहे, मृत्यू माझ्याकडून आला आहे, असा निवाडा कागदावर देताही येतो. ऐकताना मात्र डोळ्यांतील पाण्याचा कोणता अंश रसाचा आणि कोणता विघ्नाचा, हे मला वेगळे करता आलेले नाही.

हल्ली विद्यार्थ्याने कवीच्या चरित्राचा आधार घेतला, तर मी त्याला थांबवीत नाही. कवितेतील कोणत्या जागेने तुला तेथवर नेले, एवढेच विचारतो.